हैतीचा ताल लॅपटॉपवर का मरतो?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. आठ वर्षं तबला शिकलात, आता घरच्या लॅपटॉपवर संगीत करता. आफ्रिका आणि हैती इथल्या तालवाद्यांवरून एक प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक प्रकल्प सुरू केलाय. सॅम्पलचे, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजांचे, दोन पॅक विकत घेतले, त्यातून यान्वालू आणि पेट्वो हे दोन ताल बांधले आणि त्यावर सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सूर, चढवले. तीन तुकडे तयार आहेत, पण तिन्ही 'जाहिरातीच्या मागे वाजतं तसे' वाटतात, असं तुम्हीच लिहिलंय. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: यापेक्षा चांगले सॅम्पल कुठे मिळतील, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांतली वूडूची, म्हणजे हैतीच्या धर्मातल्या पूजेची, गाणी वापरली तर चालतील का.

गाण्यांचं शेवटी बोलू. सॅम्पल मात्र, एका ढोलाचा अपवाद सोडला तर, बदलू नका. तुम्ही जोडलेला तुकडा मी चार वेळा ऐकला. आवाज स्वच्छ आहेत, काही तर सुंदर आहेत. अडचण अशी की त्यात तीन ढोल आहेत आणि तिघांना एकमेकांचा पत्ताच नाही. प्रत्येक ढोल आपला चार आवर्तनांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतोय. मोठा ढोल काहीही बोलला तरी लहान ढोलाला फरक पडत नाही, आणि घंटा बंद केली तरी कुणाचं काही बिघडत नाही. हैतीच्या तालात हे शक्यच नसतं. म्हणजे तुमचा खरा प्रश्न आवाजाचा नाही, नात्याचा आहे. हे नातं यंत्रात कसं आणायचं यावर मी बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी लहानपणापासून पुण्यात, पथकात ताशा वाजवायचे. नंतर बारा वर्षं ब्रुकलिनमध्ये ध्वनिमुद्रणाचं काम केलं. त्यातली सात वर्षं आठवड्यातून दोन संध्याकाळी एका हैतीयन वादकाकडे शिकायला जात होते. एका इमारतीच्या तळघरात आठ-दहा जण बसायचो. याच काळात इलेक्ट्रॉनिक आणि ढोल एकत्र वाजवण्याचे प्रयोग आम्ही दोघांनी मिळून केले. तेव्हा मी जे सांगतेय ते रादा नावाच्या कुळातल्या तालांपुरतं मला हाताने माहीत आहे. पेट्वो मी कमी वाजवलाय, आणि एवे लोकांचं घानामधलं वादन मी शिकले ते पाहुणी म्हणून.

आधी 'आफ्रिकन' या शब्दाकडे बघू. तुमच्या तुकड्यात मालीचा जेंबे हा ढोल आहे, घानाची घंटा आहे आणि हैतीचा पेट्वो आहे. एकत्र करायला हरकत नाही, पण आपण कशाला काय जोडतोय हे माहीत असलं पाहिजे. हैतीत ताल 'राष्ट्रां'च्या नावाने ओळखतात: रादा, नागो, इबो, कोंगो, पेट्वो. फ्रेंचांच्या सेंट-डोमिंग वसाहतीत ऊस-कॉफीच्या मळ्यांवर जे लोक गुलाम म्हणून आणले गेले, ते कुठून आले त्याची ही आठवण आहे. रादा हे नाव आजच्या बेनिनमधल्या आलाडावरून आलं. नागो म्हणजे योरुबा लोक. कोंगो नावातच स्पष्ट आहे. पेट्वो बेटावरच घडला. त्यात कोंगोचा मोठा अंश आहे आणि गुलामगिरीविरुद्धच्या बंडाची धगही आहे. ज्यातून गुलामांचं बंड पेटलं त्या ऑगस्ट १७९१ मधल्या ब्वा कायमानच्या अनुष्ठानापासून १ जानेवारी १८०४ च्या स्वातंत्र्यापर्यंतचा इतिहास तिथे लोक पेट्वोशी जोडूनच सांगतात.

याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे. यान्वालू हा रादा कुळातला, पाठीचा कणा लाटेसारखा हलवत नाचायचा ताल. त्याचे ढोल गाईच्या कातड्याचे असतात. लाकडी खुंट्यांनी ते ताणलेले असतात आणि खुंट्या ठोकून सूर चढवतात, आपण गट्ठे ठोकतो तसा. पेट्वोचे ढोल वेगळे. त्यांना बकरीचं कातडं असतं, ते दोरीने आवळतात आणि हातांनी वाजवतात. आवाज कोरडा आणि तापलेला. तुम्ही दोन्ही ताल एकाच सॅम्पल-संचावर वाजवलेत. हैतीच्या माणसाला ते सनईवर पोवाडा ऐकल्यासारखं वाटेल. माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी एकच कूळ धरा. रादा घेतलंत तर त्याच्या आफ्रिकेतल्या नातेवाइकांकडे, म्हणजे फॉन आणि एवे लोकांच्या वादनाकडे, जाण्याचा रस्ता आपोआप मोकळा होतो, कारण तो संबंध खरा आहे. मालीचा जेंबे कितीही आवडत असला तरी तो दुसऱ्या घरचा आहे.

आता वाद्यवृंद. रादात तीन ढोल आणि एक लोखंड असतं. लोखंडाला ओगान म्हणतात. ती घंटा असू शकते किंवा साधं कुदळीचं पातं, त्यावर लोखंडी सळईने वाजवतात. सर्वांत लहान ढोल बूला, तो दोन काठ्यांनी वाजतो. मधला सेगों. सर्वांत मोठा मांमां, म्हणजे आई. तो एका हाताने आणि एका काठीने वाजवतात.

इथेच आपले कान फसतात. ढोल-ताशा पथकात खर्जातला ढोल पाया धरतो आणि वरच्या पट्टीतला ताशा बोलतो. ताशाने हात बदलला की सगळं पथक बदलतं. रादात उलटं आहे. वरचा, लहान बूला पाया धरतो आणि खालचा, सर्वांत मोठा मांमां बोलतो. तुम्ही मिश्रण करताना मांमांला बास ड्रमच्या जागी बसवलंय, म्हणजे सर्वांत मोठ्या आवाजाने सर्वांत कमी बोलायचं. आणि वरच्या बूलाला भरपूर हरकती दिल्यात. मीही पहिल्या दिवशी हेच केलं होतं, कारण ताशाचा हात होता. शिक्षकांनी माझ्या काठ्या धरल्या आणि त्या संध्याकाळी पाऊण तास मला बूलाचा एकच हात वाजवायला लावला. पंचवीस मिनिटांनंतर मनगटातला दुखरेपणा गेला आणि मला पहिल्यांदाच बाकीचे ढोल ऐकू यायला लागले. तोवर मी फक्त स्वतःला ऐकत होते. त्या आठवणीवरून मी अजूनही यंत्रातला प्रत्येक थर तपासते: हा थर वाजत असताना बाकीचे ऐकू येतात का, की हा सगळ्यांना झाकतोय?

पथकातला टोल आठवा. ताशा कुठेही गेला तरी टोल जागचा हलत नाही आणि वीस ढोल त्याच्या आधाराने चालतात. ओगानचं काम तेच आहे, पण त्याची चाल सरळ नाही, आणि तबलजीची खरी परीक्षा तिथे होते. एवे लोकांची गांकोगुई नावाची दुहेरी घंटा ज्या चालीने सर्वांत जास्त ओळखली जाते ती बारा मात्रांची आहे. रादातल्या ओगानच्या चाली याच कुळातल्या आहेत. लिहायची तर अशी:

टिं ऽ टिं ऽ टिं टिं ऽ टिं ऽ टिं ऽ टिं

सात आघात, पाच रिकाम्या जागा. बारा म्हटलं की एकताल डोक्यात येईल, पण इथे तो आणू नका. पायाने तीन-तीन मात्रांचे चार ठोके धरा, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मात्रेला. घंटा फक्त पहिल्या आणि दहाव्याला पायाबरोबर पडते. चौथ्या आणि सातव्याला, जिथे नाचणाऱ्याचं वजन जमिनीवर येतं, तिथे घंटा गप्प असते. आता त्याच घंटेवर हाताने सहा टाळ्या द्या, एक सोडून एक मात्रेला. पहिल्या तीन टाळ्या घंटेवर बरोबर बसतील आणि पुढच्या तीन टाळ्या रिकाम्या जागी पडतील. म्हणजे एकच चाल अर्धं चक्र टाळीच्या बाजूने असते आणि अर्धं चक्र टाळीच्या विरुद्ध. चार आणि सहा हे दोन्ही हिशेब एकाच वेळी खरे असतात आणि घंटा दोघांना बांधून ठेवते.

तबल्यात आपण समेकडे जातो. तिहाई घेतो, समेवर येतो, ऐकणारा दाद देतो. तुमच्या तुकड्यात हे स्पष्ट ऐकू येतं: दर चार आवर्तनांनी पहिल्या मात्रेवर तुम्ही झांज आणि खर्जाचा मोठा धक्का दिलाय. त्याने चक्राचे तुकडे पडतात. यान्वालूत एक अशी जागा नसते जिथे सगळे पोचतात. प्रत्येकाचा भाग वेगळ्या मात्रेवर सुरू होतो, वेगळ्या मात्रेवर मिटतो, आणि चक्र फिरत राहतं. एकदा वर्गात मी पहिल्या मात्रेवर सारखा जोर देत होते. शिक्षक वाजवता वाजवता थांबले आणि त्यांनी विचारलं, "तू तिथे कुणाची वाट बघतेस?" तो प्रश्न मला अजून उपयोगी पडतो. तुम्ही पुढचा तुकडा करताना पहिल्या मात्रेवरचे सगळे जादा आघात काढून टाका आणि मग ऐका. सुरुवातीला जमीन सुटल्यासारखं होईल. तरी राहू द्या.

आता जाळीचा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये वेळेचे समान भाग दाखवणाऱ्या रेषांचा, प्रश्न, कारण बहुतेक लोक इथेच अडकतात. तुमचे सगळे आघात जाळीच्या रेषांवर चिकटवलेले आहेत. ते मृत वाटले म्हणून तुम्ही सॉफ्टवेअरमधलं 'माणसासारखं' करण्याचं बटण दाबलंत. ते बटण काय करतं? प्रत्येक आघात काही मिलिसेकंद इकडे-तिकडे, लॉटरी काढल्यासारखा सरकवतं. पण वादकाचा हात लॉटरी काढत नाही. वर्गातल्या एका बैठकीचं ध्वनिमुद्रण मी शिक्षकांच्या परवानगीने घेतलं आणि बूलाच्या प्रत्येक आघाताची जागा ओगानच्या तुलनेत मांडून पाहिली. आघात जाळीवर नव्हते, पण दर फेरीत त्याच जागी आणि जवळपास तेवढेच सरकलेले होते. तो दोष नव्हता, ती त्या तालाची चाल होती. मालीच्या जेंबेवादनावर संशोधकांनी असंच मोजमाप केलंय. तिथे ठोक्याचे तीन भाग समान नसतात. लहान-मोठे असतात, आणि संपूर्ण वादनभर ते असमान प्रमाण टिकून राहतं.

आकड्यात बघा. मिनिटाला १०० ठोके आणि ठोक्यात तीन मात्रा, म्हणजे एक मात्रा २०० मिलिसेकंदांची. त्यातले वीस-पंचवीस मिलिसेकंद सरकले तरी कान त्याला 'उशीर' म्हणत नाही, 'झोक' म्हणतो. तोच झोक दर फेरीत बदलला तर कान त्याला गोंधळ म्हणतो. १९८८ मध्ये आलेल्या अकाईच्या एमपीसी ६० या ताल-यंत्रावर त्याचे रचनाकार रॉजर लिन यांनी जी स्विंगची, म्हणजे झोक देण्याची, सोय दिली, तिने हिप-हॉपचा झोक घडवला. पण ती दोन भागांचा विचार करते, जोडीतला दुसरा आघात मागे ढकलते. तीन भागांच्या असमान चालीला ती पुरत नाही. म्हणून मी स्विंगच्या खुंटीला हात लावत नाही. खऱ्या वादनाची एक फेरी घेते, बाराही मात्रांची सरक हाताने नोंदवते आणि तो साचा त्या एका ढोलाला लावते. फक्त त्याच ढोलाला. बूलाचा साचा सेगोंला लावला की दोघं पुन्हा एकाच माणसासारखे वाजायला लागतात. ओगान जवळपास सरळ ठेवा, म्हणजे बाकीच्यांचा झोक कशाच्या तुलनेत आहे हे कळेल.

इथवर केलंत तरी तुकडा ऐकण्यासारखा होईल. बोलणारा मात्र होणार नाही. त्यासाठी कासे समजून घ्यावा लागेल.

कासे म्हणजे मोडणे. नाच लाटेसारखा चाललेला असतो, सगळे ढोल गुंफलेले असतात, आणि मांमां अचानक त्या प्रवाहाच्या विरुद्ध एक वेगळी, टोचणारी चाल धरतो. नाचणाऱ्याचं शरीर अडखळतं. पूजेत अनेकदा हाच क्षण असतो जेव्हा ल्वा, म्हणजे त्यांची दैवतं, भक्ताच्या अंगात येतात. हैतीच्या क्रेयोल भाषेत त्या भक्ताला घोडा म्हणतात, कारण ल्वा त्याच्यावर स्वार होतो. ज्याने गोंधळात संबळ चढत गेलेली आणि कुणाच्या तरी अंगात आलेलं पाहिलंय त्याला हे फार समजावून सांगावं लागत नाही. दैवतं वेगळी आहेत, विधी वेगळा आहे, पण तालाने माणसाच्या शरीरात जागा करायची असते हे ज्ञान दोन्हीकडे आहे.

यंत्रात बहुतेक लोक कासेच्या जागी फिल-इन, म्हणजे भर घालणारा छोटा तुकडा, टाकतात, दर आठ किंवा सोळा आवर्तनांनी. ते कळतं कारण ते अपेक्षित असतं. कासे घड्याळावर येत नाही. मांमांचा वादक नाचणाऱ्याकडे बघून तो देतो. म्हणून माझा नियम आहे की मांमां कधीही आधी बसवून ठेवायचा नाही. तो माणसाने, त्या क्षणी वाजवायचा. खरा ढोल नसेल तर बोटांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर वाजवा, तुमचा हात तयार आहे. आणि बाकीच्या यंत्राने त्याला ऐकायचं.

'ऐकायचं' म्हणजे नेमकं कसं, ते सांगते. मी प्युअर डेटा वापरते. मिलर पकेट यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात आघात ओळखणारा 'बॉंक' नावाचा भाग आहे. मांमांच्या खोडाला एक पिएझो, म्हणजे खोडाची थरथर थेट पकडणारा, मायक्रोफोन चिकटवते. यंत्र दर फेरीत मांमांचे आघात कुठे पडले ते बघतं. नुसते किती पडले हे पुरत नाही, कारण वादक जोशात आला की आघात वाढतातच. बघायचं असतं की ते ओगानच्या रिकाम्या जागांवर पडताहेत का. सलग दोन फेऱ्या तसं झालं की यंत्र समजतं की मोडायला सुरुवात झालीय. मग सिंथचा लांब सूर गळतो, सेगोंच्या थरावरचा डिले उघडतो आणि त्याचे प्रतिध्वनी मांमांच्या नव्या चालीत अडकत जातात. मांमां परत प्रवाहात आला की सगळं सावकाश मिटतं.

हे पहिल्यांदा लोकांसमोर केलं तेव्हा बिघडलं. मी साधा मायक्रोफोन लावला होता आणि त्यात शेजारच्या सेगोंचा आवाज शिरत होता. यंत्राला प्रत्येक गोष्ट कासे वाटायला लागली. वीस मिनिटांच्या तुकड्यात ताल इतक्या वेळा मोडला की मोडण्यासारखं काही उरलंच नाही. शिक्षक वाजवत राहिले, पण त्यांनी मांमांवर काही बोलणं सोडून दिलं, नुसता साधा हात धरून बसले. नंतर सामान आवरताना म्हणाले, "तुझं यंत्र एवढं घाबरलेलं का होतं?" मला ते फार लागलं, कारण चूक यंत्राची नव्हती, माझी होती. मी त्याला धीर धरायला शिकवलंच नव्हतं. त्यानंतर मी पिएझो लावला आणि एक अट घातली: एकदा कासे झाला की किमान सोळा फेऱ्या यंत्राने हलायचं नाही. १०० च्या लयीत एक फेरी २.४ सेकंदांची, म्हणजे जवळजवळ ३८ सेकंद. एवढा वेळ प्रवाह टिकला तरच पुढचं मोडणं शरीराला जाणवतं. तुमची लय वेगळी असेल तर आकडा वेगळा येईल, तो कानाने ठरवा.

आवाजाच्या पोताबद्दल थोडक्यात, कारण तिथे तुमची एकच चूक आहे. मांमांसाठी तुम्ही डग्ग्याचं सॅम्पल खाली उतरवून वापरलंय. ते कितीही बदललं तरी डग्गाच राहतं, आणि त्याला कारण आहे. साध्या गोल कातड्याचे उपस्वर १, १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या प्रमाणात असतात, त्यामुळे त्याला नेमका सूर नसतो. आपल्या वाद्यांवरची शाई ते उपस्वर १, २, ३, ४ अशा सुरेल प्रमाणाच्या जवळ आणते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये कलकत्त्याहून हे प्रसिद्ध केलं. हैतीच्या ढोलाला शाई नाही. त्याचा आवाज बेसूरच हवा, त्यातच त्याचं बळ आहे. तेव्हा डग्गा सोडा आणि वरच्या प्रमाणांत चार-पाच साइन लहरी एकत्र करून, प्रत्येकीला वेगवेगळा ऱ्हास देऊन ढोल बांधा. ओगानसाठी एफएम पद्धत, म्हणजे एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवून आवाज घडवणं, उत्तम. जॉन चाउनिंग यांनी १९७३ मध्ये घंटेसाठी दोन लहरींच्या वारंवारतेचं १ ला १.४ हे प्रमाण दिलं होतं, सुरुवात तिथून करा. डग्ग्यावरचा तुमचा घिस्सा मात्र वाया जाणार नाही. मांमांवर 'सिये' नावाचा प्रकार असतो. त्यात बोट कातड्यावर दाबून ओढतात आणि ढोल कण्हल्यासारखा आवाज करतो. पॅडवर दाब मोजण्याची सोय असेल तर हा आवाज मनगटाला द्या. तुम्ही तो माझ्यापेक्षा चांगला वाजवाल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सिंथचं काय करायचं हा प्रश्न तुमच्या तुकड्यात जागोजागी दिसतो. ढोलांवर तुम्ही चार-चार सुरांचे लांब संवादी गट पसरलेत आणि त्यांखाली ताल बुडालाय. त्याऐवजी 'रारा' ऐका. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ, सुरू झाल्यापासून ईस्टरपर्यंत हैतीत रस्त्यावरून राराच्या मिरवणुका निघतात. त्यात वाक्सिन नावाचे बांबूचे कर्णे असतात. एका बांबूतून एकच सूर निघतो. प्रत्येकजण आपल्या पाळीला आपला सूर फुंकतो, दुसऱ्या हातातल्या काडीने बांबूवर ताल धरतो, आणि सगळ्यांच्या सुरांतून मिळून एक धून तयार होते. कुणा एकाकडे धून नसते. मी हे चार स्पीकरांवर करते. प्रत्येक स्पीकरला एकच सूर, आणि तो ओगानच्या ठरावीक मात्रांनाच फुंकायचा. ढोल उघडे राहतात आणि खोलीत सूर फिरतो. स्पीकर दोनच असतील तर डावी-उजवीकडे आणि जवळ-लांब असं वाटून पाहा. ते कमी प्रभावी होतं, पण होतं.

आता पूजेच्या गाण्यांचं. इथे मी ठामपणे सांगते: जुन्या ध्वनिमुद्रणांतलं ल्वांचं गाणं कापून तालावर चिकटवू नका.

लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी १९३६-३७ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी हैतीत जी ध्वनिमुद्रणं केली ती २००९ मध्ये मोठ्या संचाच्या रूपात बाहेर आली. बहुतेक सॅम्पल करणारे तिकडे वळतात. ती जरूर ऐका, शिकण्यासाठी त्यांना तोड नाही. पण तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्या. १९३५ मध्ये हैतीच्या सरकारने 'अंधश्रद्ध प्रथां'वर बंदी घालणारा कायदा केला होता. त्या कायद्याखाली राहणाऱ्या माणसांनी हे गायलंय. पुढे १९४१-४२ मध्ये चर्चच्या मोहिमेत गावोगावचे ढोल आणि पूजेचं सामान जाळलं गेलं. तो कायदा १९८७ च्या राज्यघटनेने गेला आणि वूडूला धर्म म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती २००३ मध्ये. ज्या गाण्यासाठी लोकांनी हे सोसलं ते आपल्या तुकड्यात 'वातावरण' म्हणून वापरणं मला पटत नाही. शिवाय ती गाणी दैवताला बोलावण्याची आहेत. कोणतं गाणं कुणाला बोलावतं आणि त्यानंतर काय करायचं असतं हे आपल्याला माहीत नसतं. देवीचं आवाहन कुणी अर्थ न विचारता नाचाच्या तालावर चिकटवलं तर आपल्याला काय वाटेल, एवढाच विचार मी करते.

मग रस्ता बंद झाला का? नाही. हैतीच्या लोकांनी स्वतः हे उघडपणे आणि धाडसाने केलंय. हैतीत जन्मलेल्या व्हॅल जाँती वूडूचे ताल आणि इलेक्ट्रॉनिक आवाज एकत्र करतात. गोनाईव शहराचा शूक ब्वा हा ढोल-गायनाचा गट आणि ब्रुसेल्सची अँगस्ट्रोमर्स ही इलेक्ट्रॉनिक जोडी यांनी मिळून २०२० मध्ये एक अल्बम काढला. तो नीट ऐका. ढोल कुठेही कापलेले वाटत नाहीत. यंत्र त्यांच्या भोवती फिरतं, प्रतिध्वनी लांबवतं, खर्ज फुगवतं, पण बोलणारे ढोलच राहतात. नायजेरियाचे ड्रमवादक टोनी अ‍ॅलन २०१४ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सला गेले आणि तिथल्या तालवादकांबरोबर वाजवलं. आफ्रिका आणि हैती यांची भेट तिथे समोरासमोर झाली. या सगळ्यांत समान गोष्ट एकच: हैतीचा माणूस खोलीत आहे, हो किंवा नाही म्हणू शकतो, आणि त्याला पैसे मिळतात.

तुम्हालाही ते करता येईल. सध्या पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये टोळ्यांच्या हिंसेमुळे अनेक कलावंतांना घरं सोडावी लागली आहेत, पण ब्रुकलिन, मायामी आणि मॉन्ट्रियलमध्ये शिकवणारे, दुरून ध्वनिमुद्रण करून देणारे हैतीयन वादक आहेत. दुसऱ्या सॅम्पल पॅकवर खर्च करायचे पैसे एका तासाच्या शिकवणीवर खर्च करा. त्यांना तुमचा तुकडा ऐकवा आणि कोणता भाग लोकांसमोर वाजवायचा नाही हे स्पष्ट विचारा. माझ्या शिक्षकांनी मला दोन चाली शिकवल्या आणि त्या वर्गाबाहेर वाजवायच्या नाहीत असं सांगितलं. त्या मी आजवर कुठेही वाजवलेल्या नाहीत. नावं देताना 'पारंपरिक हैतीयन' एवढ्यावर थांबू नका. वादकाचं नाव आणि तो ज्या गावातून किंवा लाकूतून, म्हणजे ज्या वाड्यातून, ते शिकला त्याचं नाव द्या, त्याची संमती असेल तर.

किती लवकर जमेल हे तुमच्यावर आहे. नाचासाठी करत असाल तर लय स्थिर ठेवावी लागेल आणि कासे जपून वापरावा लागेल. बसून ऐकण्यासाठी असेल तर लय हळूहळू चढू द्या, कारण माणसांचं वादन तसंच चढतं. लॅपटॉप जुना असेल तर ऐकणारं यंत्र बांधण्याच्या भानगडीत लगेच पडू नका. मांमां हाताने वाजवा आणि डिलेची खुंटी पायाने फिरवा. आमचा पहिला वर्षभराचा प्रयोग तसाच झाला होता.

या आठवड्यात मात्र तिन्ही तुकडे बाजूला ठेवा. एक लोखंडी वस्तू घ्या. घरात जुनं कुदळीचं पातं असेल तर तेच, नाहीतर जाड तवा आणि चमचा. उभे राहा, पायाने चार ठोके धरा आणि वर लिहिलेली चाल वाजवा. थांबू नका, दहा मिनिटं. मग पाय तसेच ठेवून सहाचा हिशेब तोंडाने मोजा. कुठेतरी पाय घंटेच्या मागे पळायला लागतील, विशेषतः पाचव्या-सहाव्या मात्रेच्या जोडीला. तिथे लय कमी करा आणि पुन्हा धरा. मोबाईलवर ते ध्वनिमुद्रित करून मला पाठवा. नुसतं लोखंड आणि पावलांचा आवाज, बाकी काही नको. मी ऐकून कळवते.